कॅरियरवरची गादी

“ते झालं हो, पण बनवली कुणी ही? आणि कधी?”

शिरीषचं तेच पुन्हा पुन्हा चाललं होतं. बुवा मठाच्या पायरीवर बसलेले, समोर सोपानतात्यांची जुनी सायकल. तात्या, म्हणजे शिरीषचे वडील, जाऊन महिना होत आला होता. मी शेजारी तुळशीला पाणी घालत होतो. मधे तोंड घालायची मला भारी खोड, पण बुवांनी नजरेनंच दटावलं.

शिरीष जुन्या सायकलींचा मोठा जाणकार. पुण्यात त्याच्याकडे खोलीभर सायकली आहेत म्हणे.

“लांबून बघून मी सांगतो, कुठल्या कंपनीची, कुठल्या सालची. लोक मला फोटो पाठवतात! आणि बापाचीच ओळखता येईना. एवढं तरी कळू दे हो त्यांच्याबद्दल…”

त्यानं वाकून सीटखाली बघितलं.

“विलायती वाटते,” तो म्हणाला. “पण चाकं नंतरची, घंटी नंतरची. सीटखालचा नंबर गंजलाय. चाकं सोडून मूळचं नव्हतं ते सगळं काढून टाकलं, घासून बघितलं. काही नाही. तुम्ही त्यांचे दोस्त. कधी बोलले असतील तुमच्याजवळ.”

बुवांनी उठून कॅरियरवर हात ठेवला. नुसत्या लोखंडी सळ्या.

“इथली गादी?”

“ती होय? लुगड्याच्या चिंध्यांची होती, सुतळीनं बांधलेली. मूळची नव्हती. टाकली.”

बुवांनी सळ्यांवरून बोटं फिरवली.

“दर दिवाळीला नवी शिवायचा,” मग म्हणाले. “बोटं टोचून घ्यायचा. म्हणायचा, सळ्या रुततात. सायकल घेऊन एसटी स्टँडवर उभा राहायचा. शेवटची गाडी येऊन गेली, की रिकाम्या सायकलीनं इथं यायचा. घरी जायचं त्याच्या जिवावर यायचं.”

“कुणाला आणायला जायचे?”

“अरे लेका…” मी बोलून गेलोच. बुवांनी हात वर केला.

शिरीष त्या सळ्यांकडे बघत राहिला. मग तिथंच खाली बसला.

“येतो म्हणायचो मी… दर वर्षी. फोनवर.”

बुवांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. त्याच्या घड्या घातल्या, कॅरियरवर नीट बसवलं, टोकं सळ्यांना बांधली. मग धोतर खोचून सायकलवर टांग टाकली.

“अहो बुवा, वय काय तुमचं!” मी ओरडलो.

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मागं वळून शिरीषला म्हणाले,

“ऊठ, बस मागं, घरी जाऊ. एसटी आली.”