धुक्याची सुईण

त्या प्रदेशात पायाखाली जमीन नव्हती आणि डोक्यावर छप्पर नव्हतं. सगळीकडे अंधार होता आणि अंधारात ताऱ्यांचे फेर गरगरत होते. एकेका फेरात अगणित तारे असत, एकमेकांपासून फार दूर, पण एकाच तालात फिरणारे. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गार धुकं पसरलेलं असे, आणि तारे जन्मत ते त्या धुक्यातूनच. धुकं असलेल्या फेरात लेकरं असत. धुकं सरलेल्या फेरात म्हाताऱ्यांचा तांबडा उजेड तेवढा उरे.

धाकट्या फेरात निरांजनी नावाची सुईण होती. अंगाने बारीक, उजेडाने जेमतेम, पण आयुष्याने चिवट. धुक्यात कुठे गाठ धरली आहे, हे ती कान लावून ओळखत असे. बाळंतपणात ती कुणाला घाई करू देत नसे. "धुकं आपल्या चालीने दाटतं," ती म्हणे. "ढोसलंत तर लेकरं एकदम येतील आणि एकदम जातील."

एके दिवशी थोरल्या फेराचा वकील आला. तेजोराव त्याचं नाव. निळा, भव्य, डोळे दिपवणारा. असे तारे फार जगत नाहीत, पण बोलतात मात्र युगायुगांचं.

"आपण एकाच अंधाराची लेकरं," तो धाकट्या फेराच्या प्रमुखाला, ध्रुवाप्पांना म्हणाला. "वेगळं कशाला राहायचं? एक होऊ या."

"आमच्या ताऱ्यांचं काय?" ध्रुवाप्पांनी विचारलं.

"एकालाही धक्का लागणार नाही. लेखी देतो."

"आणि धुक्याचं?" निरांजनी मागून म्हणाली.

तेजोराव हसला. "बाई, धुकं म्हणजे मोकळी जागा. मोकळ्या जागेला काय धक्का लागायचा?"

ध्रुवाप्पांनी मान डोलावली. निरांजनीला पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

मग थोरला फेर धाकट्यातून आरपार गेला. लेखी दिलेला शब्द त्याने अक्षरशः पाळला. ताऱ्यांमधली अंतरं इतकी मोठी होती की एकही तारा दुसऱ्याला शिवला नाही. पण धुक्यावर धुकं आदळलं. काठावरचे तारे ओढीने लांब फेकले गेले. त्यांत निरांजनीची शेजारीण कवडीही गेली, निरांजनीसोबत हाती घेतलेली बाळंतपणं अर्धवट सोडून. बघता बघता फेकलेल्यांची एक लांबच लांब रांग अंधारात लोंबू लागली. थोरल्यांच्या दरबाराने तिचं नाव ठेवलं 'थोरल्या फेराची वेणी', आणि ती किती शोभते यावर भाषणं झाली.

थोरला फेर वळून पुन्हा आला, आणि मग तिसऱ्यांदाही. चेपलेलं धुकं पेटलं आणि एकाच वेळी हजारो लेकरं जन्मू लागली. निरांजनी इकडून तिकडे धावत होती. एकाला सावरावं तोवर दहा जन्मत होती, सगळी निळी, तापाने फणफणलेली. दरबारात नगारे वाजले. "पाहा, एक झाल्यावर कशी भरभराट होते!" निरांजनीने त्यातल्या एकाला जवळ घेतलं, त्याला नाव द्यायला तोंड उघडलं, आणि ते हातातच फुटलं. बहुतेकांचं तसंच झालं. तेजोरावही त्याच गर्दीत फुटून गेला.

उरलेलं धुकं हळूहळू मध्याकडे घसरत गेलं. मध्यावर डोह बसलेला असे. त्याचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं, पण सगळे त्याच्याभोवतीच फिरत. तो मुकाट्याने गिळत राहिला.

निरांजनी दरबारात जाऊन उभी राहिली. नव्या वकिलाने करारनामा उघडला.

"तुम्हाला धक्का लागला?"

"नाही."

"कुणाला लागल्याचं पाहिलंत?"

"नाही."

"मग तक्रार कसली?"

निरांजनीचा मंद उजेड रागाने थरथरला. "घरात शिरलात, दुभतं झाडून उचलून नेलंत, आणि आता विचारता, कुणाच्या अंगाला हात लावला का म्हणून? पाळण्यातली पोरं उपाशी मेली, तो धक्का कुठे लिहिता तुम्ही?"

"नोंद घेतली आहे," वकील म्हणाला. त्याने कागद मिटला.

पुष्कळ काळ गेला. थोरल्या फेराचेही गरगरत पसरलेले ताऱ्यांचे डौलदार हात विरघळले. उरला एक गोळा, ज्यात जो तो आपापल्या दिशेने भरकटत होता. नवं काही जन्मत नव्हतं. सगळीकडे तोच तांबडा, थकलेला उजेड. 'राज्यात अखेर शांतता नांदते आहे,' अशी दवंडी दरबाराने आधी पिटवली. मग मात्र तो घाबरला. त्याने निरांजनीला मानाने बोलावणं धाडलं.

तिला थेट डोहापाशी नेलं. डोह तुडुंब फुगला होता.

"सगळं धुकं इथे सुरक्षित आहे," वकील अदबीने म्हणाला. "नऊ महिने तर कधीच उलटले. आपण सुईण आहात. सोडवा."

निरांजनीने पदर खोचला, वाकली आणि डोहाच्या पोटाला कान लावला. बराच वेळ तिने कान काढला नाही. 

ती सरळ झाली. "हे पोट बाळंतपणाचं नाही. जेवणाचं आहे."

तेवढ्यात डोहाने ढेकर दिला. त्याच्या दोन्ही अंगांनी उजेडाचे लोट सणसणत बाहेर पडले आणि सारा अंधार दणाणला.

"बाळ रडलं!" वकील ओरडला.

क्षणात नगारे सुरू झाले. घुगऱ्या वाटल्या गेल्या. फुलांनी मढवलेला पाळणा मधोमध टांगला गेला. म्हातारे तांबडे तारे त्याच्याभोवती दाटीने उभे राहिले आणि नाव काय ठेवायचं यावर हमरीतुमरीवर आले. निरांजनी खोचलेला पदर सोडून गर्दीतून वाट काढत निघाली तेव्हा पाळण्याची दोरी ओढायला रांग लागली होती, आणि आत वाकून पाहायला एकही जण तयार नव्हता.