भरल्या घागरीची पायरी

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते मला विचारू नका. ज्याने मला सांगितली त्यालाही ठाऊक नव्हतं. एवढं नक्की, की तेव्हाही माणसं बांधकामं करत होती, आणि तेव्हाही बांधणाऱ्यांना वाटायचं, आपल्याला सगळं कळतं.

एका राज्यात आबा नावाचे एक म्हातारे वास्तुकार राहत. त्यांच्याकडे बांधकाम शिकायला लांबलांबून मुलं येत. आबांचा नियम साधा होता. सात वर्षं शिकायचं आणि मग एकट्याने एक काम करून दाखवायचं. ते ज्यांच्यासाठी केलं त्यांना पसंत पडलं, तर आबा आपल्या हाताने शिष्याला गज देत. गज म्हणजे मापाची लाकडी काठी. ती मिळाली की माणूस बांधणारा झाला. नाही मिळाली, तर गाठोडं उचलायचं आणि घरी जायचं. दुसरी संधी नाही.

सिदराम हा त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. पोराचा हात असा, की रेघ मारली की मुंगीनेही तिच्यावरून नाकासमोर चालावं. पोथ्यांतली मापं तोंडपाठ. बाप तेली होता, घरी घाणा होता, आणि त्या घाण्याभोवती बैलामागे पुन्हा फिरायचं नाही, हे सिदरामने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

सात वर्षं संपली. आबा म्हणाले, "माळावरच्या गावात एक बारव आहे. पाण्यापर्यंत उतरायला बेचाळीस पायऱ्या आहेत. बायका तिथे पडतात. गेल्या वर्षी एकीचा पाय मोडला. नव्या पायऱ्या करून दे."

पायऱ्याच ना? सिदरामला हसू आलं. तो जाऊन बारव बघून आला, पोथ्या उघडल्या, आणि दोन दिवसांत नकाशा तयार. उंच, रुबाबदार, तुळतुळीत दगडाच्या तीस पायऱ्या. देवळाला शोभाव्यात अशा.

आबांनी नकाशा बराच वेळ पाहिला. "सुरेख आहे. बारव कुठून बघितलीस?"

"वरून, आबा."

"मग खालून बघून ये."

सिदराम चरफडला, पण गेला. या खेपेला त्याने दोरी घेतली, दोरीला बोटाबोटावर गाठी मारल्या आणि बेचाळीसच्या बेचाळीस पायऱ्या मोजल्या. मोजता मोजता त्याचे डोळे मोठे होत गेले. एकही पायरी दुसरीसारखी नव्हती. एक वीतभर, तर पुढची वीत आणि तीन बोटं. वरून सगळ्या सारख्या दिसत होत्या. त्याने वहीत एकेक माप लिहिलं आणि धावत आबांकडे आला.

"आबा, सापडलं. पायऱ्या लहानमोठ्या आहेत. सगळ्या सारख्या करतो."

"कर की. पण बायका पडतात ते चढताना की उतरताना?"

सात वर्षांत त्याला न आलेला हा पहिला प्रश्न होता, आणि तो कुठल्याच पोथीत नव्हता.

तिसऱ्यांदा तो गेला तो दिवस उगवायच्या आत. बारवेच्या काठावर बसला आणि उन्हं उतरेपर्यंत जागचा हलला नाही. कोण येतं, किती वेळा येतं, हात कुठे टेकतं, दम कुठे खातं, सगळं लिहीत गेला. सगळ्या बायका भिंतीला धरून चालत होत्या, म्हणून पायऱ्यांची ती बाजू झिजून गुळगुळीत झाली होती. आणि एक गंमत होती. उतरताना कुणाचाच पाय अडखळत नव्हता. चढतानाच अडखळायचा.

असं का? आता त्याला खरंच चैन पडेना. मग तो स्वतः दहा वेळा चढला, दहा वेळा उतरला. काहीच झालं नाही. टणाटण उड्या मारत वर आला.

तो पुन्हा खाली उतरला, तर गुणाई नावाची एक म्हातारी पाण्याशी घागर भरून त्याच्याकडे बघत उभी होती. तो म्हणाला, "मावशी, मला का अडखळायला होत नाही?"

"तू रिकामा चढतोस, लेका," गुणाई म्हणाली. "हे घे."

तिने स्वतःच्या डोक्यावरची चुंबळ त्याच्या डोक्यावर ठेवली आणि त्यावर भरलेली घागर. बाकीच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. एक म्हणाली, "बरं झालं बाई, गावाला पाणक्या मिळाला."

सिदराम निघाला. पहिल्या पायरीवर मान ताठ झाली. दुसरीवर त्याला खाली बघायचं होतं, पण बघता येईना. बघितलं की घागर कलंडणार. पाचव्या पायरीपर्यंत पाय कसाबसा अंदाजाने पडला. सहावी तीन बोटं उंच होती. अंगठा दगडावर आपटला आणि सिदराम, घागर, पाणी असं सगळं एकदम खाली आलं. नशीब, घागर पितळी होती.

भिजलेला सिदराम तिथेच बसून राहिला. लाज वाटली, ढोपर दुखलं, पण चेहरा मात्र उजळला होता. "मावशी, पायच दिसत नाहीत हो."

"आम्हाला तरी कुठे दिसतात? पाय आधीच्या पायरीवरून पुढचीचा अंदाज घेतो."

तो तिथून उठला तो आपला सुरेख नकाशा फाडायलाच. मग त्याने आबांच्या अंगणात चिखलाच्या पाच पायऱ्या केल्या आणि घागर डोक्यावर घेऊन चढला. गुडघे भरून आले. मोडल्या, दोन बोटं कमी केल्या, पुन्हा चढला. असं नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी एक थेंबही सांडला नाही. पायरीची उंची ठरली: वीतभराला दोन बोटं कमी. दगड कुठला घ्यायचा ते पाथरवटाला विचारलं. तो म्हणाला, घासू नका, टाकीचे घाव तसेच राहू द्या. दर बारा पायऱ्यांनंतर सिदरामने भिंतीत कमरेइतक्या उंचीवर एक कोनाडा ठेवला, न वाकता घागर टेकवता यावी म्हणून.

पायऱ्या तीस नाही, चोपन्न झाल्या. उतार लांबला, खणती वाढली. गावचा पाटील नाराज झाला. "आम्हाला वाटलं होतं, काहीतरी भव्य होईल. ह्या तर पोरांनी मांडल्यासारख्या दिसतात."

निकालाच्या दिवशी आबा गज घेऊन आले. गाव जमलं. सिदरामचं गाठोडंही बाजूला बांधून ठेवलं होतं. नियम म्हणजे नियम. बायका घागरी घेऊन खाली उतरल्या.

थोड्या वेळाने खालून आवाज येऊ लागला. कुणाच्या लोणच्याला बुरशी आली, कुणाच्या नणंदेचं लग्न ठरलं, असं बोलत, हसत बायका वर आल्या आणि तशाच घराच्या वाटेला लागल्या. पायऱ्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

पाटलाने गुणाईला हटकलं. "अगं, पायऱ्या कशा झाल्यात ते सांगून जा."

"कुठल्या पायऱ्या?" गुणाई म्हणाली.

सिदरामने मान खाली घातली आणि गाठोड्याकडे हात नेला.

गुणाई मात्र थांबली. तिने मागे वळून खाली पाहिलं, खोल पाण्यापर्यंत. "अगंबाई," ती हळूच म्हणाली, "चढून आलो की आपण. चाळीस वर्षं मी इथे जीव मुठीत धरून एकेक पायरी मोजत चढले. आज मोजायचीच विसरले."

आबांनी गज सिदरामच्या हातात दिला.

पुढे सिदरामने पुष्कळ बांधलं. कोठार बांधायच्या आधी त्याने पोतं पाठीवर घेतलं, आणि आजाऱ्यांसाठी घर बांधायच्या आधी दिवसभर खाटेवर पडून छताकडे बघत राहिला. लोक त्याला हसत, आणि त्याने बांधलेल्या जागेत सुखाने राहत.

म्हणून बाळांनो, आणि तुमच्यातल्या थोरांनो, तुम्हीही ध्यानात ठेवा: ज्यांच्यासाठी बांधायचं, त्यांचं ओझं आधी आपल्या डोक्यावर घेऊन बघावं, आणि मगच रेघ मारावी.