खाली न पडलेला शब्द

फार फार पूर्वी एका नदीच्या काठी दोन राज्ये नांदत होती. वरच्या अंगाला एका राणीचे राज्य, खालच्या अंगाला एका राजाचे. खालचे राज्य पानमळ्यांचे होते. तिथल्या विड्याच्या पानाची चव एकदा घेतली की माणूस दुसऱ्या पानाला नावे ठेवी.

या राजाच्या दरबारी एक चिटणीस होते. सगळे त्यांना पंत म्हणत. राज्याची पत्रे तेच लिहीत. मोठा विद्वान माणूस! एक शब्द विचारा, एका दमात अकरा प्रतिशब्द सांगतील. त्यांनी एक जाडजूड शब्दकोशही रचला होता. अर्थ एक असला की शब्द कोणताही चालतो, असे त्यांचे ठाम मत होते.

एका उन्हाळ्यात राणीने वर बांध घातला आणि खाली नदी आटली. पानवेल भारी नाजूक. आठ दिवस पाणी तुटले की वेल गेलीच, आणि नवी वेल भरात यायला वर्ष-दोन वर्षे लागतात.

राजाने चिटणिसांना बोलावले. "पंत, राणीसाहेबांना पत्र लिहा. मळे आता तुमच्या लेखणीच्या हाती आहेत."

पंतांनी लिहिले, 'बांधाचे पाणी सोडावे, अशी आमची मागणी आहे.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. 'मागणी मुलीला घालतात. आमच्या नदीचे लग्न इतक्यात करायचे नाही.'

दरबार खुसखुसला. पंतांचे कान लाल झाले. शब्द जरा ताठ पडला असेल, असे म्हणून त्यांनी कोशातून मऊ प्रतिशब्द काढला आणि लिहिले, 'पाण्यासाठी आम्ही याचना करतो.'

चौथ्या दिवशी दूत परतला तो पाण्याने भरलेला एक तांब्या घेऊनच. सोबत एक ओळ होती. 'याचकाला विन्मुख पाठवू नये. भिक्षा वाढली आहे.'

राजा संतापाने उभा राहिला. "ठेवा ती लेखणी, पंत! आता तलवार बोलेल."

"महाराज, आणखी एक पत्र लिहू द्या," पंत हात जोडून म्हणाले. "हेही चुकले तर मी चिटणीस नाही."

राजाने होकार दिला. पंत दफ्तरात जाऊन कोशात डोके घालून बसले. प्रार्थना, आर्जव, विनवणी... पाने उलटून बोटे दुखली.

कोपऱ्यात म्हाळसाबाई शाई घोटत होत्या. काजळ आणि डिंक घोटून दरबाराची शाई करायची, हे त्यांचे चाळीस वर्षांचे काम. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण इथे मोठ्याने वाचलेले प्रत्येक पत्र त्यांच्या कानावरून गेले होते.

"काय शोधताय, पंत?"

"मागण्यासाठीचा योग्य शब्द."

"मागायचंय कुणाकडं?"

"कुणाकडे का असेना! शब्द तो शब्द."

म्हाळसाबाई हसल्या. "असं कसं? देवाला साकडं घालतात, सरकारात अर्ज करतात, पोरीला मागणी घालतात. सगळं मागणंच की! पण साकडं कुणी कचेरीत नेतं का? आता सांगा, त्या राणीसाहेब आपल्या कोण?"

पंतांनी कोशातून डोके वर काढले. इतक्या दिवसांत हे त्यांच्या मनातच आले नव्हते. "शेजारी," ते हळूच म्हणाले.

"मग शेजाऱ्याकडं शब्द टाकावा. दुसरं काय!"

पंतांनी कोश मिटला. त्यांची आई उभा जन्म हेच बोलत आली होती. पण घरगुती बोलणे म्हणून त्यांनी ते कोशात घेतलेच नव्हते. त्यांना स्वतःची लाज वाटली. म्हाळसाबाईंना नमस्कार करून त्यांनी ताज्या शाईत लेखणी बुडवली.

'राणीसाहेब, आपण एकाच नदीचे पाणी पितो. आमच्या पानवेली सुकत आहेत. आपल्याकडे शब्द टाकतो आहोत.'

राजाने पत्र दोनदा वाचले. त्याचा राग निवला. "शब्द टाकायचा तर शिक्का कशाला?" असे म्हणून त्याने स्वतःच्या हाताने खाली नाव लिहिले.

सहावा दिवस उत्तराविना गेला. सेनापतीने घोडे सज्ज केले. सातव्या दिवशी सकाळी पंत कोरड्या पात्रात उभे होते, तोच त्यांची पावले भिजली. दूत अजून वाटेतच होता, पाणी त्याच्या आधी पोचले होते. मागून आलेल्या पत्रात राणीने लिहिले होते, 'आधी तुम्ही हक्क सांगितलात, मग हात पसरलात. शेजाऱ्यासारखे आत्ता बोललात. शब्द खाली पडू दिलेला नाही. पहिल्या खुडणीची पाने पाठवा.'

पाने गेली. त्याच खुडणीच्या पानांचा एक मानाचा विडा मात्र राजाने म्हाळसाबाईंना भर दरबारात दिला. पंतांनी आपला कोश पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला. म्हाळसाबाईंना शेजारी बसवून ते प्रत्येक शब्दापाशी थांबत आणि विचारत, "हा कुणाशी बोलायचा?"

तात्पर्य: शब्दाचा अर्थ कोशात मिळतो, पण त्याची जागा समोरच्या माणसाकडे पाहूनच कळते.