फेसाच्या आत्याची टेकडी

मॅकेन्झी नदी जिथे उत्तरेच्या गोठणाऱ्या समुद्राला मिळते, तिथला मुलूख तव्यासारखा सपाट आहे. त्यात तुरळक टेकड्या, त्यांतलीच ही एक. तिच्या पोटात बर्फ आहे, आणि ती दरवर्षी बोटभर वाढते. का, असे पाहुण्यांनी विचारले की तिथल्या इनुविआलुइट जमातीतला म्हातारा इलायजा आधी हसून घेतो. "वाढणारच," तो म्हणतो. "मामायाक आत्या बसली होती तिच्यावर."

फार जुनी गोष्ट सांगतात. मामायाक डोळ्यांची तेज, जिभेची त्याहून तेज. उन्हाळ्यात पांढरे देवमासे खाडीत शिरले की हाक देण्याचा मान तिचा; त्या हाकेवर साऱ्या कातडी होड्या सुटायच्या. एका वर्षी वारा भरारला असताना तिने हाक दिली, होड्या धावल्या, आणि बघतात तर नुसता लाटांचा पांढरा फेस! तेवढ्यात खरे मासे दुसऱ्या अंगाने निसटले. त्या हिवाळ्यात दिव्यांना तेल नव्हते. पोरे चामडे चघळून झोपली. लोक तिला 'फेसाची आत्या' म्हणू लागले, आणि ते तिच्या फार जिव्हारी लागले.

पुढच्या उन्हाळ्यात ती पाण्याकाठच्या बारक्या उंचवट्यावर ठाण मांडून बसली. शिकाऱ्यांचा म्होरक्या कल्लुक तिचा सख्खा भाचा.

"आत्या, खाली ये. यंदा दुसरं कुणी बघेल."

"मासा दिसल्याशिवाय मी उठायची नाही. पुन्हा चुकले तर इथंच पुरा मला!"

पण तेवढ्याशा उंचीवरून फेस आणि मासा सारखेच दिसत. शेवटी ती जमिनीला म्हणाली, "बाई गं, तूच मला जरा कडेवर घे." आणि जमिनीने तिला उचलले म्हणे! उंचवटा फुगत फुगत टेकडी झाला. वरून तिला सगळी खाडी दिसली. फेस जागच्या जागी विरत होता. मासा मात्र बुडाला तरी उथळ पाण्यावर त्याची रेघ पुढे सरकत होती. अशा रेघाच रेघा खाडीत शिरत होत्या.

देवमाशाचे कान तिखट, म्हणून या वेळी ती ओरडली नाही. तिने अंगातला केसाळ अंगरखा काढून उंच धरला. कल्लुक क्षणभर अडखळला. पुन्हा फेस निघाला तर पुढचा हिवाळा निभणार नव्हता. मग त्याने वल्हे उचलले. होड्यांनी खोल पाण्याची वाट अडवली, पाणी बडवत कळप उथळात रेटला, आणि दोर बांधलेले भाले सुटले. संध्याकाळी किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पोरांच्या हनुवट्या तेलाने चकाकत होत्या.

कल्लुक पहिला मुक्तुक, म्हणजे कातडीसकट चरबीचा तुकडा, घेऊन धापा टाकत वर आला. "आत्या, हा तुझ्या खऱ्या हाकेचा मान."

"आणि गेल्या वर्षीच्या हाकेचा? तेव्हा काय मी झोपले होते? डोळे फाडून बघतच होते ना!"

त्याला परत खाली पळावे लागले. आत्याने दोन्ही तुकडे खाल्ले, मगच उठली.

आजही शिकारीच्या तळावर फेसाला मासा म्हणणाऱ्याला कुणी हसत नाही. मुक्तुकाचा पहिला तुकडा त्याचाच. टेकडीवर एखादा पाहुणा हटकून ओरडतो, "तो बघा, मासा!" इलायजा एकवार पाण्याकडे बघतो, फेसच असतो, आणि मुक्तुक कापायला सुरी काढतो.