धामणीची वकील

माणसांनी अजून वाट पाडली नव्हती अशा एका रानात कुणीतरी टिटवीची चारही अंडी खाल्ली. मागे नुसती टरफलं उरली. "धामणीचंच काम!" मुंगूस ओरडलं, आणि सगळं रान धामणीला ठेचायला धावलं.

आळ आलेल्याच्या बाजूनं एकानं तरी बोलल्याशिवाय शिक्षा करायची नाही, अशी त्या रानाची रीत होती. पण कुणीच पुढे येईना. शेवटी चिचुंद्री आडवी उभी राहिली.

"अगं, तुझ्या बहिणीला हिनंच गिळलं ना?" टिटवी रडत म्हणाली.

"गिळलं. म्हणून तर ही कशी खाते ते मला ठाऊक आहे. ही अख्खं गिळते, मागे काही ठेवत नाही. मग ही टरफलं कुणाची? त्यांवरच्या दातांच्या खुणा बघा."

सगळ्यांनी टरफलं पाहिली, मग मुंगसाकडे पाहिलं. त्याच्या मिशांना बलक चिकटलेला होता.

"मारा मुंगसाला!" गर्दी उसळली.

चिचुंद्री धापा टाकत मुंगसापुढे जाऊन उभी राहिली. "आधी याचंही ऐकायचं."

मग धामण वेटोळं घालून शांत बसली, आणि तिच्या मागोमाग सगळं रान खाली बसलं.