टाचणीची हिरवी काडी

एक होतं तळं. एवढं मोठं, एवढं मोठं, की ढगसुद्धा त्यात अंघोळीला यायचे. खोटं वाटतं? वाकून बघा. दिसतील.

तळ्याकाठी राहायची एक टाचणी. कागदाला टोचायची ती नव्हे हं! ही उडायची, चतुरासारखी. अंग दोऱ्याएवढं. डोळे टपोरे. बसली की पंख मिटायची. अगदी शहाण्यासारखी.

टाचणीला होता नवरा. त्याचं नाव टाचणा. निळा निळा. टाचणा शेपटीच्या टोकानं टाचणीची मान धरायचा. त्यांच्यात तशीच रीत. तो पुढं, ती मागं. उडायचं तर दोघांनी मिळून.

भिर्र भिर्र, थांब. भिर्र भिर्र, थांब.

आज टाचणीला अंडी घालायची होती. ती अंडी घालते काडीच्या आत. काडी हवी हिरवी. काडी हवी मऊ. काडी हवी पाण्यातली. तळ्यात अशी काडी एकच. बाकीच्या वाळून कडक.

टाचणी आली. बघते तर काय? काडी नाही! काडीवर बसली होती म्हैस. ढम्म!

"म्हशीबाई, म्हशीबाई,
काडी दिसत नाही,
मी अंडी घालू कुठं?"

टाचणा म्हणाला, "कुठं बरं?"

म्हैस म्हणाली, "फूंऽऽ! मी नाही उठणार. उठले की पाठीवर माश्या चावतात. बगळ्याला बोलाव. तो माश्या खाईल. मग मी उठेन."

भिर्र भिर्र, थांब. भिर्र भिर्र, थांब. बगळा उभा होता एका पायावर.

"बगळेबुवा, बगळेबुवा,
म्हैस उठत नाही,
काडी दिसत नाही,
मी अंडी घालू कुठं?"

टाचणा म्हणाला, "कुठं बरं?"

बगळा म्हणाला, "मी नाही येणार. येऊ कसा? दुसरा पाय धरलाय खेकड्यानं. त्याला सांग, सोड. मग मी येईन."

भिर्र भिर्र, थांब. भिर्र भिर्र, थांब. खेकडा होता चिखलात. कट कट कट!

"खेकडेकाका, खेकडेकाका,
बगळा येत नाही,
म्हैस उठत नाही,
काडी दिसत नाही,
मी अंडी घालू कुठं?"

टाचणा म्हणाला, "कुठं बरं?"

खेकडा म्हणाला, "मी नाही सोडणार. सोडला तर बगळा मला खाईल. मी पळू कुठं? माझ्या बिळाच्या दारात बेडूक बसलाय. त्याला सांग, सरक. मग मी सोडेन."

भिर्र भिर्र, थांब. भिर्र भिर्र, थांब. बेडूक बसला होता दारात. गाल फुगवून.

"बेडूकमामा, बेडूकमामा,
खेकडा सोडत नाही,
बगळा येत नाही,
म्हैस उठत नाही,
काडी दिसत नाही,
मी अंडी घालू कुठं?"

टाचणा म्हणाला, "कुठं बरं?"

बेडूक म्हणाला, अगदी हळू, "मी नाही सरकणार. माझ्या नाकावर डास बसलाय. हललो की चावतो. जीभ आहे लांब. पण नाकावर वळत नाही! डास नसता, तर तुम्हा दोघांना केव्हाच खाल्लं असतं. डासाला सांग, ऊठ. मग मी सरकेन."

फार लांब जायचं नव्हतं. भिर्र, थांब.

"डासभाऊ, डासभाऊ,
बेडूक सरकत नाही,
खेकडा सोडत नाही,
बगळा येत नाही,
म्हैस उठत नाही,
काडी दिसत नाही,
मी अंडी घालू कुठं?"

टाचणा म्हणाला, "कुठं बरं?"

डास म्हणाला, "गुंऽऽ! मी नाही उठणार. इथं बसलं की जीभ पोचत नाही. मऊ मऊ नाक. गार गार वारा. मला कोण उठवणार?"

ऊन उतरायला लागलं. ऊन गेलं की टाचण्या झोपतात. मग अंडी राहायची पोटातच.

टाचणीनं डासाकडं बघितलं. डास होता गुबगुबीत. आणि टाचण्या काय खातात, ठाऊक आहे? डास!

टाचणी म्हणाली, "अहो, मान सोडा!"

टाचणा म्हणाला, "मी नाही सोडणार. काडी दिसली की सोडेन."

घ्या! हासुद्धा तसलाच!

टाचणीनं मोठ्ठा श्वास घेतला.

"अहो, ऐका! अहो, ऐका!
डास उठत नाही,
बेडूक सरकत नाही,
खेकडा सोडत नाही,
बगळा येत नाही,
म्हैस उठत नाही,
काडी दिसत नाही,
मी अंडी घालू कुठं?"

आता "कुठं बरं" कोण म्हणणार? कुणीच नाही. टाचण्यानं इकडं बघितलं. तिकडं बघितलं. आणि मान सोडली.

भिर्रर्रर्र! गट्टम!

डास गेला टाचणीच्या पोटात. बेडूक सरकला, डुबुक! जाता जाता जीभ काढली, पण टाचणी केव्हाच वर. खेकड्यानं पाय सोडला. खेकडा बिळात, सुर्रर्र! बगळा उडाला, फड फड फड! म्हशीच्या पाठीवर बसला. माश्या खाल्ल्या, टिप टिप टिप! म्हैस उठली, फूंऽऽ! आणि काडी? काडी वर आली. टुणुक!

थोडी वाकडी. पण हिरवी. पण मऊ. पण पाण्यातली.

टाचण्यानं पुन्हा मान धरली. काडीवर सरळ उभा राहिला. जणू काडीवर काडी. टाचणी खाली वाकली. शेपटी पाण्यात बुडवली. काडीला टोचलं, टुच! एक अंडं आत. टुच! आणखी एक. टुच! टुच! टुच!

"झालं का गं?" म्हैस म्हणाली. "बसू का आता?"

"तिकडं बसा!" टाचणी ओरडली.

"तिकडं बसा!" पाठीवरून बगळा ओरडला.

"तिकडं बसा!" बिळातून खेकडा ओरडला.

"डराँव!" बेडूक ओरडला. म्हणजे तेच.

म्हैस विचारात पडली. "तिकडं म्हणजे कुठं?"

टाचणा म्हणाला, "कुठं बरं?"

पण म्हैस गेली हो तिकडं. बसली. ढम्म! तळं हललं. ढग हलले. काडी मात्र तिथंच. अंडी काडीत.

ऊन गेलं. टाचणीनं पंख मिटले. आपणही पुस्तक मिटू.