न मोजलेला ताप

एका विद्यापीठात एक प्रयोगशाळा होती. तिथं खऱ्या यंत्राचं जुळं भावंड, म्हणजे हुबेहूब नमुना, संगणकात बांधत. यंत्र किती तापेल, कधी कुरकुरेल, हे त्या जुळ्यानं आधीच सांगायचं. आणि ते खरं बोलतंय का, हे माणसानं तपासायचं.

तपासायचं काम शलाका बोरुडे या तिसऱ्या वर्षाच्या मुलीकडे होतं. इंटर्नशिप, आणि तीही पगारी! पहिला पगार झाला तेव्हा तिनं घरी वडिलांना फोन केला, "अण्णा, आता मेसचे पैसे पाठवू नका. माझं मी बघते." अण्णांनी ही बातमी अख्ख्या आळीला सांगितली.

डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी आणखी वरच्या तीन वाड्यांना चढवणारा नवा पंप प्रयोगशाळेच्या खालच्या शेडमध्ये चाचणीला लावला होता. शलाकानं दिवसातून तीनदा जाऊन त्याच्या बेअरिंगला तापमापक लावायचा आणि आकडा वहीत लिहायचा. शेजारच्या रकान्यात संगणकाचा आकडा. माप माणसाच्या हातचंच हवं, हा प्रयोगशाळेच्या प्रमुख हुद्दार मॅडमचा हट्ट.

पहिला आठवडा दोन्ही आकडे जवळपास सारखे आले. शेडमध्ये धडधडाट, उकाडा, तेलाचा वास. शलाकाला वाटलं, आकडा तोच येणार, मग कशाला जिने झिजवायचे? तिनं संगणकाचाच आकडा दोन्ही रकान्यांत उतरवायला सुरुवात केली. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. आळसाला काय, बोट दिलं की हात धरतो.

सहाव्या दिवशी मॅडमनी वही पाहिली आणि खूशच झाल्या. "वा! दशांशापर्यंत जुळतंय! आजच मंजुरीची सही करते. उद्या पंप डोंगरावर."

शलाका वहीकडे बघत राहिली. खरं सांगावं तर काम जाणार. अण्णांना काय तोंड दाखवायचं? गप्प बसावं तर पंप वर जाणार, आणि तो ठीक आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नाही! मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

"मॅडम, सही करू नका!" ती जवळजवळ ओरडलीच. "पाच दिवस मी खाली गेलेच नाही. दोन्ही आकडे संगणकाचेच आहेत." आणि तिला रडू कोसळलं.

मॅडमनी पेनाला टोपण परत लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आजाऱ्याला न बघता त्याच्या फोटोचा ताप मोजलास की गं! डोळे पूस. तापमापक घे आणि चल खाली."

तापमापक लावला. संगणक म्हणत होता बेचाळीस, बेअरिंग निघालं एकाहत्तर! पंप ताबडतोब बंद केला. उघडून पाहिलं तर आतलं ग्रीस पार सुकलेलं. डोंगरावर नेला असता तर चार दिवसांत जाम झाला असता, आणि तिन्ही वाड्यांचं पाणी तुटलं असतं.

मॅडम तिथल्याच स्टुलावर बसल्या आणि पदरानं घाम टिपला. "वाचलो गं बाई! दशांशापर्यंत जुळलं तेव्हा शंका मलाही यायला हवी होती."

"मॅडम, मी... उद्यापासून येऊ नको ना?"

"न येऊन कसं चालेल? ते पाच दिवस खोडून टाक, का खोडले तेही लिही, खाली सही कर. ग्रीस भरलं की सगळी मापं पुन्हा घ्यायची आहेत. ती कोण घेणार, मी?"

शलाकाला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं. छातीवरचा धोंडा उतरला होता. त्या दुपारी मेसमधली पातळ आमटीसुद्धा तिनं दोनदा मागून घेतली.

तात्पर्य: जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून लिहू नये, आणि लिहिलंच, तर काम बिघडायच्या आत तोंड उघडावं. शरम घटकाभराची असते, नुकसान कायमचं.